दशांश अपूर्णांकांची तुलना

दोन दशांश अपूर्णांकांपैकी मोठा कोणता, हे ठरवताना दशांशचिन्हापुढे अंक किती आहेत हे पाहायचे नसते. कोणता अंक कोणत्या स्थानी आहे हे पाहायचे असते. पूर्ण संख्यांमध्ये अधिक अंकांची संख्या मोठी ठरते. दशांशचिन्हाच्या उजवीकडे हा नियम चालत नाही.

तुलनेची रीत

प्रथम पूर्णांक भाग ताडून पाहावा. तो समान असल्यास अनुक्रमे दशांश, शतांश व सहस्रांश स्थानांचे अंक पाहावेत. जिथे अंक प्रथम वेगळे दिसतात, तिथेच निर्णय होतो. ३.६ आणि ३.५९८ यांत दशांशस्थानी ६ व ५ आहेत; म्हणून ३.६ मोठा. शेवटी शून्ये जोडून ३.६०० असे लिहिल्यास हे लगेच दिसते. शेवटच्या शून्यांनी किंमत बदलत नाही. चिन्हालगतच्या शून्याने मात्र बदलते : ०.०७ हा ०.७ चा दहावा भाग आहे. ऋण संख्यांत क्रम उलटतो : −०.७ हा −०.६५ पेक्षा लहान.

आखातातील चलने

भारतीय रुपयाचे १०० पैसे आणि अमिरातींच्या दिरहमचे १०० फिल्स होतात. ओमानच्या रियालचे मात्र १००० बैसा, तर कुवेत व बहरीनच्या दिनारचे १००० फिल्स होतात. म्हणून तेथील रकमा तीन दशांशस्थळांपर्यंत लिहितात. ०.०७५ रियाल म्हणजे ७५ बैसा. पाऊण रियाल म्हणजे ०.७५०, अर्थात ७५० बैसा. रुपयाला सरावलेल्या नजरेची येथील चूक दहापट महागात पडते.

मुलांच्या दोन चुका

‘पॉइंट पंचेचाळीस’ आणि ‘पॉइंट पाच’ असे ऐकणारे मूल ४५ आणि ५ यांचीच तुलना करते व ०.४५ मोठा ठरवते. याउलट, सहस्रांश फार लहान असतो एवढेच ध्यानात ठेवणारे मूल ०.३ हा ०.८७५ पेक्षा मोठा समजते. ‘पंचेचाळीस शतांश’ व ‘पाच दशांश’ असे वाचन केल्यास स्थान उच्चारातच येते. पाच दशांश म्हणजे पन्नास शतांश, हे कळले की दोन्ही गैरसमज दूर होतात. परदेशी शाळेत शिकणाऱ्या मुलांना घरी हे मराठी वाचन अवश्य शिकवावे.

लेखनातील सावधगिरी

जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंबाने हजार वेगळे करतात, तेथील १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास असू शकतात. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांत ३.१० ही ३.९ नंतरची असते, कारण तेथील टिंब दशांशचिन्ह नसून केवळ विभाजक आहे.

औषधाची मात्रा लिहिताना तर चिन्ह नजरेतून निसटणे जिवावर बेतू शकते. म्हणून ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे आणि ‘५.०’ न लिहिता ‘५’ लिहावे. तुलनेसाठी मनात जोडलेले शेवटचे शून्य औषधाच्या चिठ्ठीवर उतरता कामा नये.