लिथुआनियाची जलकन्या

१९८० सालीं मॉस्को ऑलिंपिकांत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचीं स्त्रियांचें व पुरुषांचें अशीं दोन्ही सुवर्णपदकें लिना काचुशीते व रोबर्तास झुल्पा या लिथुआनियन जलतरणपटूंनीं जिंकलीं. ध्वज मात्र चढला सोव्हिएतांचा! १९९० सालीं या चिमुकल्या राष्ट्रानें स्वातंत्र्य पुकारलें. पुढें २०१२ सालीं लंडन येथें अवघ्या १५ वर्षांच्या रूता मेइलुतीतेनें १०० मीटरची शर्यत जिंकली. स्वतंत्र लिथुआनियाचें जलतरणांतील तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. स्वदेशाचें राष्ट्रगीत ऐकतांना तिचे डोळे पाणावले. एवढ्या कोवळ्या खांद्यांवर राष्ट्राभिमानाचें केवढें हें ओझें! उत्तेजक-चाचण्या चुकविल्याबद्दल २०१९ सालीं तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. तींतून ती परतली, हें मला त्या सुवर्णपदकाहून मोलाचें वाटतें. २०२३ सालीं फुकुओका येथें तिनें ५० मीटर अंतर २९.१६ सेकंदांत तोडून विश्वविक्रम केला.