बॉनेटखालचे विज्ञान

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ साली झाली होती. म्हणजे निरोपाचा दिवस आधीपासून ठरलेलाच होता. तरीही त्या दिवसांत पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. तिच्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते: “गाडी साधी होती हो! एक पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर, की काम झालं.” आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर बहुधा काळ्या प्लॅस्टिकचे एक झाकण दिसते, आणि आपण ते निमूटपणे पुन्हा बंद करतो.

जुनी गाडी खरोखर साधी होती का? विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न जरा नेटाने विचारायला हवा, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांतली कितीतरी तत्त्वे याच बॉनेटखाली राबत होती.

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर. मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक तोच सांगाडा थोड्याफार फरकाने चालला. त्याचे कारण आराखड्याच्या थोरवीपेक्षा परवाना पद्धतीत अधिक शोधावे लागेल. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर येईपर्यंत गिऱ्हाइकाला फारशी निवडच नव्हती. एकच इंजिन दोन पिढ्यांच्या मिस्त्रींनी खोलले आणि जोडले. आपण जिला ‘साधी’ म्हणतो तिच्या साधेपणात या ओळखीचा वाटा मोठा आहे.

आता यंत्राकडे वळू. पेट्रोल पेटवायला ठिणगी हवी आणि प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला काही हजार व्होल्ट हवेत. बॅटरी तर बारा व्होल्टची. हे अंतर कॉइल भरून काढते. कॉइल म्हणजे एका गाभ्यावरची दोन वेटोळी, एकात थोडे वेढे, दुसऱ्यात त्याच्या शंभरपट. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास विभवांतर निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ करीत. ही अर्ध्या मिलिमीटरहून कमी उघडणारी धातूची एक लहानशी टाचणी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर चार सिलिंडरांसाठी सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. हे गणित वर्गात करून घ्यावे: चतुर्घाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, बाकीचे मुले काढतील. सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करून पॉइंट झिजत, काळे पडत, आणि मग पॉलिश पेपरने घासून त्यांची फट पुन्हा जुळवावी लागे. ‘एका पान्यात दुरुस्ती’ ही यातली जमेची बाजू. ती दुरुस्ती वारंवार करावी लागे हे आठवणीतून गळून जाते.

कार्ब्युरेटरची गोष्ट याहून रंजक आहे. हवेच्या वाटेत एक चिंचोळा गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते. बर्नुलीचे तत्त्व शिकवताना आपण हेच उदाहरण देत आलो. पण त्याला किती नेमके मोजायचे असते ते पाहा. १०८९ घन सेंटिमीटरचे चार भाग केले तर एका सिलिंडरला सुमारे २७२ येतात. इतक्या हवेचे वजन सुमारे ०.३३ ग्रॅम. ती पुरी वापरायला पेट्रोल लागते तिच्या सुमारे १४.७ वा भाग, म्हणजे २२ मिलिग्रॅम, आकारमानाने ०.०३ मिलिलिटर. ड्रॉपरमधून पडणाऱ्या पाण्याच्या थेंबाहूनही हे कमी. तेही गळा पूर्ण उघडा असताना. एरवी त्याहून थोडे. असे मोजमाप सेकंदाला शंभर वेळा करायचे, आणि करणार कोण, तर एक छिद्र, एक तरंगता डबा आणि काही झडपा! इंजिन मंद चालताना गळ्यातून पुरेशी हवा वाहत नाही म्हणून वेगळे जेट. एकदम पाय दाबला तर पेट्रोल मागे पडते म्हणून छोटा पंप. सकाळी इंजिन थंड असते म्हणून चोक. याला साधे कसे म्हणायचे? आजचा इंजेक्टर त्या मानाने सरळ आहे. उघडायचे, मिटायचे, एवढेच त्याचे काम. किती वेळ उघडे राहायचे ते ठरवणारा हिशेब दुसरीकडे होतो.

तो हिशेब पूर्वी कोण करी? चालकच. चोक किती ओढायचा, केव्हा सोडायचा, चढावर इंजिन खडखडू लागले तर गिअर केव्हा खाली आणायचा, हे कान आणि हात ठरवीत. बोरघाट चढताना गाडी मध्येच बंद पडे आणि पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळून बसावे लागे. हा पंप इंजिनालाच जोडलेला आणि तापलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल शोषून घेई, म्हणजे नळीत दाब कमी. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. आधीच तापलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि पंप नुसता वाफच ढकलत राही. ओल्या फडक्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन उष्णता शोषून घेई आणि गाडी चालू होई. एका बंद पडलेल्या गाडीत पदार्थविज्ञानाचे दोन धडे! आज पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबून पुढे पाठवतो. त्यामुळे हा प्रसंग क्वचितच येतो. प्रवाशांना त्याचे दुःख होणार नाही, शिक्षकाला किंचित होईल.

मग हे सारे गेले का? फॅशन बदलली म्हणून नव्हे. धुरामुळे गेले. टॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला १९२१ मध्ये असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर इंजिनाचा खडखडाट थांबतो. पुढची कित्येक दशके जगभरच्या शहरांतल्या मुलांनी ते शिसे श्वासाबरोबर घेतले. शिसे मेंदूच्या वाढीला बाधक असते. भारतात चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० मध्ये ते देशभर झाले. आपल्या लाडक्या पद्मिनीने आयुष्याचा बहुतेक काळ शिशाचे पेट्रोल जाळले, हे हळहळताना ध्यानात ठेवले पाहिजे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते आणि एअरबॅग नव्हत्या, हेही.

१९९५ मध्येच या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक बसवणे सक्तीचे झाले. शिसे त्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंना निकामी करते, म्हणून शिसे आधी काढावे लागले. पुढची अडचण अधिक खोल होती. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा असतो. दोन्ही कामे एकाच परिवर्तकात नीट व्हायची, तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ धरून ठेवावे लागते. थंडी, ऊन, घाटमाथ्यावरची विरळ हवा यांत तेवढी काटेकोर शिस्त कार्ब्युरेटरला जमणारी नव्हती. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक हवा. १९७६ मध्ये व्होल्वोने अमेरिकेतल्या गाड्यांसाठी बॉशने बनवलेला असा संवेदक वापरात आणला. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या भांड्याची आतली बाजू बाहेरच्या हवेत आणि बाहेरची बाजू धुरात असते. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की त्यात विभवांतर येते. पेट्रोल कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, जास्त असेल तर सुमारे ०.९. हा एक विद्युतघटच आहे. त्याचे म्हणणे ऐकून इंजेक्टरची वेळ क्षणोक्षणी बदलायला संगणक लागला. चालकाच्या कानाची जागा त्याने घेतली.

म्हणून बॉनेटखालचे जे झाकले गेले त्यातल्या बऱ्याच भागाबद्दल आम्हांला तक्रार नाही. तक्रार वेगळ्या झाकणाबद्दल आहे. संगणक बिघाडाची नोंद ठेवतो. ती वाचण्याचे उपकरण आणि सुटे भाग नाक्यावरच्या गॅरेजला मिळू द्यायचे की नाही, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे अपिले झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये यासाठी कायदाच केला. पद्मिनी खोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिच्याबद्दल हळहळायचे तर आमच्या मते याच गोष्टीसाठी.

शाळेसाठी एक सुचवावेसे वाटते. भंगारवाल्याकडे जुना कार्ब्युरेटर अजून मिळतो. तो रॉकेलने नव्हे, साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावा आणि मुलांना खोलू द्यावा. शेजारी एखाद्या मेकॅनिककडून निकामी ऑक्सिजन संवेदक मागून आणून ठेवावा. पहिल्यातली छिद्रे मुले मोजतील. दुसऱ्यात मोजण्यासारखे काही दिसणार नाही, तेव्हा प्रश्न विचारायला लागतील.