परक्याचें नांव

इंग्रजींत अक्रोडाला 'वॉलनट' म्हणतात. त्यांतील 'वॉल'चा भिंतीशीं कांहींएक संबंध नाहीं. गॉल-इटलीकडून आलेलें हें 'परक्यांचें फळ' होय. सीझरनें व्होल्के नांवाच्या एका केल्टिक टोळीचा उल्लेख केला आहे. तिच्या नांवावरून शेजारच्या जर्मानिक लोकांनीं 'वाल्ह' हा शब्द घडविला, असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढें केल्ट असो वा रोमन, जो आपली बोली बोलत नाहीं तो 'वाल्ह' ठरला.

पांचव्या शतकांत अँग्लो-सॅक्सन लोक समुद्र ओलांडून ब्रिटनमध्यें शिरले आणि तेथील मूळ रहिवाशांनाच 'वेल्ह', म्हणजे परके, म्हणूं लागले! ही उलटी गंगा कायद्यांतहि उतरली. वेसेक्सचा राजा ईनी याच्या, सातव्या शतकाच्या अखेरच्या, कायद्यांत सामान्य सॅक्सन शेतकऱ्याच्या वधाची भरपाई २०० शिलिंग, तर 'हाइड'भर जमीन बाळगणाऱ्या वेल्हाची अवघी १२०. कालांतरानें या शब्दाला 'गुलाम' असाहि अर्थ चिकटला. वेल्स हें नांव त्यांतलेंच. वेल्श लोक मात्र स्वतःस 'कम्री', म्हणजे एकाच भूमीचे बांधव, म्हणवितात.

तोच शब्द स्लाव्ह लोकांनीं उचलला. पोलिश भाषेंत 'व्वोखी' म्हणजे इटली. हंगेरियन भाषेनें तो दोनदां घेतला: 'ओलास' म्हणजे इटालियन आणि 'ओलाह' म्हणजे रुमानियन. डॅन्यूबच्या उत्तरेकडील वालाकिया या संस्थानाचें नांवहि शेजाऱ्यांनीं दिलेलें. तेथील लोक स्वतःस रोमनांचे वंशज समजत. मोल्डेव्हियाशीं १८५९ सालीं एकीकरण झाल्यावर १८६६ च्या राज्यघटनेनें 'रोमानिया' हें त्यांचें स्वतःचें नांव राज्यास दिलें.