पांजरापोळापासून मुक्तांगणापर्यंत : निसर्गाच्या सान्निध्यातील उपचारवासाचा इतिहास

धार्मिक ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जिनालय, उपाश्रय, पाठशाळा आणि जीवदया या कार्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. यांपैकी जीवदयेची परंपरा मुंबईत फार जुनी आहे. इ. स. १८३२ मध्ये पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन समाजात तीव्र संताप उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरापोळ उभी राहिली. लंगडी गाय, भाकड म्हैस, जखमी पक्षी यांना तेथे आसरा मिळाला. ज्याचा कोणालाही उपयोग उरला नाही अशा जिवालाही जगण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व विटा-मातीत साकार झाले.

या उज्ज्वल परंपरेकडे पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो. मुक्या जनावरासाठी ज्या समाजाने अशी व्यवस्था केली, त्या समाजातील एखादा तरुण व्यसनाच्या किंवा मनोविकाराच्या गर्तेत सापडला तर त्याच्यासाठी आसऱ्याची जागा कोणती? श्रावकाचार सांगणाऱ्या ग्रंथांनी द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन या सप्तव्यसनांचा त्याग सांगितला आहे. परंतु जो आधीच व्यसनात बुडाला आहे, त्याला बाहेर कसे काढावे, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. असा विचार करून ज्यांनी निसर्गाच्या सान्निध्यात निवासी उपचारांची केंद्रे उभारली, त्यांचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

आरेची भूमी

या इतिहासाची एक साक्ष मुंबई उपनगरातील रहिवाशांच्या दाराशीच आहे. आरे दुग्ध वसाहतीची स्थापना १९४९ मध्ये झाली. शहरातील दाट वस्तीत कोंडलेले म्हशींचे तबेले जनावरांच्या आणि माणसांच्याही आरोग्याला घातक ठरत होते. दारा खुरोडी यांच्या दूरदृष्टीने हे तबेले गोरेगावच्या पूर्वेकडील डोंगराळ रानात हलविण्याची योजना साकार झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. बत्तीस तबेल्यांत सुमारे सोळा हजार जनावरांची सोय झाली. खुरोडी यांना पुढे १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीस कुरियन यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोंदट जागेत जे आजारी पडते ते मोकळ्या हवेत, उजेडात आणि शिस्तबद्ध निगराणीत सुधारते, हे सूत्र आरेच्या स्थापनेमागे होते. ही वसाहत होण्यापूर्वीपासून तेथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. त्यांची वाघोबावरील श्रद्धा आजही टिकून आहे. म्हणजे या रानाकडे आदराने पाहणारी माणसे येथे शहराच्याही आधीपासून राहत आली आहेत.

यॉर्कचे आश्रयस्थान

माणसांच्या बाबतीत हेच सूत्र इंग्लंडमधील यॉर्क या गावी दीडशे वर्षे आधी अमलात आले होते. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक लहानसा पंथ. युद्धाला विरोध, साधी राहणी आणि सत्यवचन ही त्यांची व्रते. इंग्लंडच्या विद्यापीठांची व सरकारी अधिकाराची दारे त्यांना बंद असल्याने ते मोठ्या प्रमाणावर व्यापारात शिरले. जैन वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही.

१७९० मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले गेले नव्हते. या घटनेने अस्वस्थ झालेल्या विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने आपल्या पंथाकडून निधी उभा केला आणि १७९६ मध्ये गावाबाहेर मोकळ्या जागेत ‘रिट्रीट’ म्हणजेच आश्रयस्थान सुरू केले. तेथे साखळदंड नव्हते. बागकाम, फिरणे आणि सौजन्याची वागणूक हाच उपचाराचा गाभा होता. अंगणात ससे व कोंबड्या पाळलेल्या असत, कारण दुबळ्या प्राण्याची काळजी घेताना रुग्णाच्या मनातील ममता जागी होते, असा त्यांचा अनुभव होता. ट्यूक वैद्य नव्हते. आपल्या माणसाची जबाबदारी आपण घ्यायची, एवढाच त्यांचा निश्चय होता. आणि मानसोपचाराच्या इतिहासात या निश्चयाला मोठे स्थान मिळाले.

पाचगणी आणि उरुळीकांचन

महाराष्ट्रात अशा निवासी उपचारांची ओळख झाली ती क्षयरोगामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयाने ऐन तारुण्यातील माणसे दगावत असत. पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर आणि मिरजेजवळील वानलेस आरोग्यधाम अशा ठिकाणी रुग्ण महिनोन्‌महिने राहत. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस आहार आणि घड्याळाबरहुकूम दिनचर्या हीच तेव्हाची औषधे होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढील काळात प्रभावी औषधे आल्यावर आरोग्यधामांची गरज ओसरली. हवेने शरीराला बळ दिले, पण रोगजंतू मारले ते औषधाने. हा धडा आजही विसरण्याजोगा नाही.

दुसरा प्रयोग महात्मा गांधींचा. श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासातून ज्यांच्या अहिंसाविचाराला खोली मिळाली, त्या गांधीजींनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात निसर्गोपचाराकडे विशेष लक्ष दिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचे वास्तव्य असे. मात्र गरिबांसाठीचा उपचार खेड्यातच व्हायला हवा, या विचाराने ते २२ मार्च १९४६ रोजी पुण्याजवळील उरुळीकांचन येथे गेले. त्यांनी तेथे काही दिवस राहून शेकडो ग्रामस्थांवर उपचार केले. माती, पाणी, ऊन, हवा, मिताहार आणि रामनाम ही त्यांची साधने होती. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे आणि तरुण मणिभाई देसाई यांनी पुढे तो आश्रम नावारूपास आणला. उरुळीने एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. आश्रमातून घरी जाताना रुग्णाने केवळ बरे होऊन नव्हे, तर कसे जगावे हे शिकून जायचे असते.

मुक्तांगण

१९८० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांवर एक नवे संकट आले. ‘ब्राउन शुगर’ किंवा ‘गर्द’ या नावाने ओळखले जाणारे हेरॉइन महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचले. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थविरोधी कायदा केला. परंतु कायदा विक्रेत्याला पकडतो, व्यसनी मुलाला घरी आणत नाही. पत्रकार-लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखन केले आणि ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्याच्या प्राण होत्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही काम थांबले नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेले.

मुक्तांगणाची पद्धत त्याच्या नावातच सामावली आहे. तेथे रुग्ण हा कैदी नसतो. सकाळी प्रार्थना, योगासने, श्रमदान, गटचर्चा, समुपदेशन, संगीत, खेळ असा भरगच्च दिवस तेथे आखलेला असतो. झाडू मारण्यापासूनची कामे निवासी मित्र स्वतः करतात. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण तेथेच कार्यकर्ते झाले, म्हणून नव्याने आलेल्याला समोर उपदेशक दिसत नाही, आपल्याच वाटेवरून परतलेला माणूस दिसतो. येरवड्याचे आवार काही घनदाट अरण्य नव्हे. तरीही ओळखीची गल्ली, ओळखीचा विक्रेता आणि ओळखीची सबब यांपासून रुग्ण दूर होतो, हे या निवासाचे खरे सामर्थ्य.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रसंग उद्भवू शकतात. त्यामुळे पहिला टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडला पाहिजे. घरात कोंडून ठेवणे किंवा एखाद्या नोंदणी नसलेल्या ठिकाणी पाठविणे हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा संस्थांची नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाच्या सन्मानाचा हक्क मान्य केला आहे.

बोरिवली ते कर्जत

मुंबई उपनगराला अभिमान वाटावा असे कार्य डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याचे आहे. या दोघांना एकदा रस्त्यात एक विस्कटलेला तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्याच्यावर उपचार केल्यावर कळले की तो सुशिक्षित असून आंध्र प्रदेशातील चांगल्या घरचा आहे. यातूनच १९८८ मध्ये ‘श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशन’चा उगम झाला. बोरिवली-दहिसर परिसरातील छोट्याशा जागेतून सुरू झालेले हे काम २००६ मध्ये कर्जतजवळील निसर्गरम्य परिसरात विस्तारले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणावे, औषधोपचार करावेत, शेतीच्या व बागेच्या कामात रमवावे आणि शुद्धीवर आल्यावर त्याचे गाव शोधून त्याला घरी पोहोचवावे, असा हा क्रम आहे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

‘श्रद्धा’चे कार्यकर्ते रुग्णासोबत दूरदूरच्या राज्यांत प्रवास करतात आणि कुटुंबाला आजाराचे स्वरूप समजावून देतात. मृत समजलेला मुलगा वर्षांनंतर दारात उभा राहतो, तेव्हा त्या घराला औषधांइतकीच समजुतीचीही गरज असते.

परंपरेचा प्रकाश

घरापासून दूर राहून जीवन पालटण्याची कल्पना जैन समाजाला नवी नाही. पौषध व्रतात श्रावक एक दिवस साधूसारखा राहतो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत ४७, ३५ आणि २८ दिवसांची उपधान तपे असतात. त्यांत आराधक घर सोडून गुरुभगवंतांच्या निश्रेत, ठरावीक दिनचर्येत आणि सहआराधकांच्या संगतीत राहतात. आचार्य तुलसी यांनी १९४९ मध्ये, म्हणजे आरे वसाहतीच्याच स्थापनावर्षी, अणुव्रत आंदोलन सुरू केले आणि त्यात व्यसनमुक्तीला स्थान दिले. आचार्य महाप्रज्ञ यांच्या प्रेक्षाध्यानाची शिबिरेही याच मार्गावरील आहेत.

अर्थात व्रत आणि उपचार यांतील भेद ओळखलाच पाहिजे. व्रत घेणारा स्वेच्छेने संकल्प करतो. व्यसनाधीन माणसाची संकल्पशक्तीच आजारी झालेली असते. त्याला केवळ पच्चक्खाण देऊन भागत नाही, आणि ते मोडले म्हणून धिक्कारून तर मुळीच भागत नाही. आधी वैद्याचा हात, मग व्रताचा आधार, असा क्रम राहिल्यास दोन्ही एकमेकांना बळ देतात. अंतर्बाह्य तपांमध्ये प्रायश्चित्ताइतकेच वैयावृत्त्यालाही, म्हणजे सेवेलाही, स्थान आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

भगवान महावीरांनी साडेबारा वर्षे वनांत, स्मशानांत आणि निर्जन स्थानी साधना केली. ऋजुवालुका नदीच्या तीरावर, शालवृक्षाखाली त्यांना केवलज्ञान झाले. पण त्यानंतर ते अरण्यात राहिले नाहीत. ते लोकांत आले आणि त्यांनी चतुर्विध संघाची स्थापना केली. वनातील एकांत आणि संघाचा आधार या दोन्हींचे मोल त्यांच्या चरित्रातून प्रकट होते.

संघाचे कर्तव्य

यॉर्कपासून कर्जतपर्यंतच्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. निसर्ग एकटा कोणाला बरे करीत नाही. तो अंतर देतो, शांतता देतो, दिवसाला लय देतो. बरे करतात ती औषधे, शिस्त आणि माणसांची संगत. आणि सर्वांत कठीण टप्पा असतो तो परतीचा. केंद्रातून आलेल्या तरुणाला नोकरी, सोयरीक, लग्नकार्य, पर्युषणातील सामुदायिक आराधना यांत पूर्वीसारखे स्थान मिळते की नाही, यावर उपचाराचे यश पुष्कळसे अवलंबून असते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आजार लपविला जातो, उपचाराला उशीर होतो आणि मूल हातचे जाते.

यासाठी आरेच्या रानात नवी इमारत उभारण्याची गरज नाही. तसे करणे उचितही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले. २०२० मध्ये आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय झाला. वनस्पतिकायात जीव मानणाऱ्या समाजाने उरलेले रान जपावे, हीच त्याची सेवा. परत आलेल्या तरुणाला मात्र याच रानाच्या कडेने सकाळी चार वडीलधाऱ्यांसोबत चालता यावे, एखाद्या रोपाची निगा त्याच्याकडे सोपविली जावी, उपाश्रयात त्याची चौकशी आपुलकीने व्हावी आणि उपचाराचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाला साधर्मिक भक्तीच्या निधीतून, नाव जाहीर न करता, साहाय्य मिळावे. एवढे करण्यास मोठ्या वास्तूची आवश्यकता नाही.

ज्या समाजाने लंगड्या गाईला ‘निरुपयोगी’ म्हटले नाही, त्याने आपल्या धडपडणाऱ्या मुलालाही ते म्हणू नये. भुलेश्वरच्या पांजरापोळीने घालून दिलेला हा धडा संघाच्या पुढील पन्नास वर्षांचा संकल्प ठरो.

जय जिनेंद्र.