वरच्या बाणाचा इतिहास

डेटाबेसवर काम करणार्‍या माणसाच्या कीबोर्डवर सगळ्यात जास्त झिजलेली कळ कुठली? कोणी एंटर म्हणेल, कोणी सेमीकोलन. माझं मत वरच्या बाणाला. चार ओळींची क्वेरी लिहायची, ती चुकायची, मग वरचा बाण दाबून तीच पुन्हा आणायची, एक कंस टाकायचा आणि परत एंटर. दिवसभर हेच चालतं. आणि एखाद्या दिवशी नव्या सर्व्हरवर लॉगिन करून तुम्ही सवयीने वरचा बाण दाबता, तर जुनी क्वेरी येण्याऐवजी पडद्यावर हे उमटतं:

^[[ए

लिनक्सवर ओरॅकलचा एसक्यूएलप्लस वापरणार्‍यांना हे चिन्ह चांगलंच ओळखीचं आहे :) ही काय भानगड आहे ते शोधायला गेलो आणि एक अख्खा शनिवार त्यात गेला. गोष्ट बरीच जुनी निघाली.

ते ^[[ए म्हणजे कचरा नाही. डेक कंपनीचा व्हीटी१०० नावाचा टर्मिनल १९७८ साली आला. त्यावर वरचा बाण दाबला की तीन अक्षरं संगणकाकडे जायची: एस्केप, चौकटी कंस आणि इंग्रजी ए. आज तुमच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी त्याच टर्मिनलची नक्कल करते, म्हणून तीच तीन अक्षरं पाठवते. पलीकडच्या प्रोग्रामला त्यांचा अर्थ कळला तर जुनी ओळ येते. नाही कळला तर युनिक्स ती जशीच्या तशी दाखवतो, आणि एस्केप दाखवायची त्याची पद्धत म्हणजे ^[. थोडक्यात काय, कीबोर्ड बिघडलेला नसतो. बाणाचा अर्थ लावणारं कोणी समोर नसतं, एवढंच.

मग हा अर्थ लावायचा कोणी? खरा वाद इथे सुरू होतो.

मुळात युनिक्समधे 'मागची आज्ञा परत आण' ही सोय बाणांशिवाय आली. बर्कलीच्या बिल जॉयने १९७० च्या दशकाच्या शेवटी सी-शेल लिहिला, त्यात दोन उद्गारचिन्हं (!!) टाइप केली की मागची आज्ञा पुन्हा चालायची. कागदावर छापणार्‍या टेलिटाइपवरही हे चाललं असतं, कारण त्यात ओळ पुसून बदलायची गरजच नव्हती. डेव्हिड कॉर्नचा कॉर्न शेल १९८३ मधे जाहीर झाला, त्यात जुनी ओळ समोर आणून ती व्हीआय किंवा ईमॅक्ससारखी दुरुस्त करता यायची. पण ही हुशारी त्या त्या शेलच्या पोटात होती. शेलमधून तुम्ही डेटाबेसच्या क्लायंटमधे शिरलात की ती बाहेरच राहायची.

हे बदललं ते रीडलाइनमुळे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ब्रायन फॉक्सने बॅश लिहिला (पहिली आवृत्ती १९८९) आणि ओळ दुरुस्त करण्याचा, इतिहास सांभाळण्याचा भाग वेगळ्या लायब्ररीत ठेवला. पुढे बॅश आणि रीडलाइन दोन्ही चेट रामीने सांभाळले. आता कोणत्याही प्रोग्रामने ही लायब्ररी जोडून घ्यावी आणि बाण, कंट्रोल-आर, सगळं फुकट मिळवावं!

फुकट, पण एक अट होती. रीडलाइनचं लायसन्स जीपीएल. ती जोडून प्रोग्राम वाटायचा तर तो प्रोग्रामही जीपीएलशी जुळणार्‍या अटींवर द्यायला हवा. ही गंमत किती गंभीर होती ते १९९२ मधे दिसलं. ब्रुनो हाइबल आणि मायकल स्टॉल यांच्या क्लिस्प या लिस्पमधे रीडलाइन जोडता यायची. स्टॉलमननी हरकत घेतली. हाइबलने बरीच पत्रापत्री केली, आपला प्रोग्राम रीडलाइनवाचूनही चालतो असं सांगून पाहिलं. शेवटी क्लिस्प जीपीएलखाली आला. एका वरच्या बाणापायी अख्ख्या भाषेचं लायसन्स बदललं!

ज्यांना ही अट नको होती त्यांच्यासाठी दुसरी वाट बीएसडीवाल्यांकडे होती. क्रिस्टोस झुलासने लिहिलेली एडिटलाइन, म्हणजेच लिबएडिट. काम तेच, लायसन्स सैल. आणि इथून पुढे आपल्यासारख्यांची डोकेदुखी चालू होते, कारण दोन्ही लायब्रर्‍या दिसतात सारख्या, वागतात थोड्या वेगळ्या.

दोन उदाहरणं देतो.

पहिलं पोस्टग्रेसचं. त्याचा पीएसक्यूएल रीडलाइनवरही चालतो आणि लिबएडिटवरही. पण तो ओपनएसएसएलही वापरतो, आणि ओपनएसएसएलचं तेव्हाचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं. म्हणून २०११ च्या सुमारास डेबियनने पीएसक्यूएल लिबएडिटवर नेला. कायद्याने सगळं ठीक झालं, पण लोकांना इंग्रजीपलीकडची अक्षरं टाइप करता येईनात. नावाच्या रकान्यात देवनागरी शोधणार्‍याने काय करायचं? शेवटी डेबियनने युक्ती काढली: पीएसक्यूएल चालू होताना बाहेरून गुपचूप रीडलाइन पुढे करायची. ओपनएसएसएलने २०२१ च्या ३.० आवृत्तीत लायसन्स बदललं, तोवर या प्रश्नाने दहा वर्षं खाल्ली होती.

दुसरं मायएसक्यूएलचं. त्याच्या क्लायंटमधून ५.६ च्या काळात रीडलाइन गेली आणि लिबएडिट राहिली. तेव्हापासून घरच्या फोल्डरमधली इतिहासाची फाइल उघडली की पहिल्या ओळीत लहानमोठ्या अक्षरांची एक विचित्र खूण दिसते आणि प्रत्येक स्पेसच्या जागी \०४०. फाइल बिघडली म्हणून लोक ती पुसून टाकतात. बिघडलेलं काही नसतं. लिबएडिट स्पेसचा अष्टमान आकडा लिहिते, इतकंच.

ओरॅकलने मात्र दोन्ही घरं टाळली. एसक्यूएलप्लस वर्षानुवर्षं फक्त शेवटचं एसक्यूएल वाक्य लक्षात ठेवत आला. 'हिस्टरी' नावाची आज्ञा १२.२ मधे, म्हणजे २०१७ च्या आसपास आली, तीही चालू करावी लागते. विंडोजवर तोच एसक्यूएलप्लस बाणांना नीट उत्तर देतो, कारण तिथे इतिहास प्रोग्राम ठेवत नाही, कन्सोलची काळी खिडकी ठेवते. डॉसच्या ५.० आवृत्तीपासूनची (१९९१) डॉसकीची परंपरा! लिनक्सवर हीच कल्पना हान्स लुब यांच्या आरएलरॅपने आणली. तो एसक्यूएलप्लसच्या बाहेर बसतो, बाण स्वतः खातो आणि आत फक्त तयार ओळ सोडतो. आतल्याला पत्ताच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका कळीसाठी? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी आमच्या एका क्लायंटकडे प्रॉडक्शनच्या टेबलमधून रात्रीत हजारो ओळी उडाल्या. सकाळी तिथल्या मॅनेजरने सर्व्हरवरची मायएसक्यूएलची इतिहासाची फाइल उघडली, तर शेवटून दुसरी ओळ तंतोतंत तसंच डिलीट. आदल्या संध्याकाळी त्या खात्यावर शेवटचा लॉगिन नुकत्याच लागलेल्या एका मुलाचा. झालं, निकाल लागला! पोराचा चेहरा बघवत नव्हता. "सर, मी ते टेस्टवर चालवलं होतं" एवढंच तो म्हणत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

मी म्हटलं, थांबा, ही फाइल काय सांगते ते आधी पाहू. तिच्यात वेळ नसते. नाव नसतं, आणि ते खातं तर सहाजण वापरत होते. वाक्य कोणत्या सर्व्हरवर चाललं तेही नसतं, टेस्ट आणि प्रॉडक्शन दोन्ही एकाच फाइलमधे. सेशन संपतो तेव्हा ती लिहिली जाते, म्हणून दोन सेशन उघडे असले तर क्रमही भरवशाचा नाही. आणि स्क्रिप्टमधून चाललेलं वाक्य तिच्यात येतच नाही, फक्त हाताने टाइप केलेलं येतं.

मग बायनरी लॉग काढला. त्यात वेळ असते. डिलीट झालं होतं पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी, आणि बरोबर त्याच वेळेला क्रॉनमधली एक जुनी सफाईची स्क्रिप्ट चालायची, जिच्यातलं तारखेचं गणित चुकलेलं होतं. पोराला त्याच स्क्रिप्टमधलं वाक्य टेस्टवर तपासायला सांगितलेलं, म्हणून ते फाइलमधे होतं. तो अजून तिथेच काम करतो. माफी मात्र त्याच्याकडे कोणी मागितली नाही.

तर मंडळी, ही फाइल बोटांचे कष्ट वाचवायला जन्माला आली, साक्षीदार म्हणून नव्हे. उलट तिच्यात नको ते सापडतं. पासवर्डची वाक्यं तिच्यात पडत, म्हणून मायएसक्यूएल आता 'पासवर्ड' किंवा 'आयडेंटिफाइड' शब्द असलेली वाक्यं आपणहून वगळतो, आणि इतिहास नकोच असेल तर ती फाइल डेव्ह-नलला जोडायचा उपाय त्याच्याच मॅन्युअलमधे आहे.

सोमवारी ऑफिसला गेलात की एवढं करा: तुमचा क्लायंट रीडलाइनवर आहे की लिबएडिटवर ते बघा, इतिहासाची फाइल दुसर्‍या कोणाला वाचता येत नाही ना ते तपासा, आणि सहाजणांचं एकच खातं असेल तर ते आधी बंद करा. वरचा बाण त्यानंतर :)