बुलेट की येझदी?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूचे दुसरे ऑपरेशन झाले, त्यामुळे अक्षरे आता पुन्हा अक्षरांसारखी दिसू लागली आहेत. नेहमीच्या वाचकांनी मधल्या काळात फोन करून चौकशी केली, त्यांचे आभार.

निमित्त असे झाले की परवा दादाचा नातू घरी आला. हिंजवडीला नोकरीला असतो, शनिवारी-रविवारी मित्रांबरोबर ताम्हिणी, महाबळेश्वर असे कुठेतरी भटकत असतो. चहा संपायच्या आत म्हणाला, "आबा, जुनी मोटारसायकल घ्यायचीय, लांबच्या फिरण्यासाठी. सातारला १९८६ ची बुलेट आहे आणि भोसरीत १९९१ ची येझदी. कुठली घेऊ?"

मी मनातल्या मनात हसलो. कारण हाच प्रश्न, याच दोन गाड्या, आणि असाच चहाचा कप घेऊन १९७९ साली दादा माझ्यासमोर बसला होता. त्या वेळची वही माझ्याकडे अजून आहे. मास्तर माणूस, कागद टाकवत नाही. वहीत मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने पाडलेले आहेत, एकावर "बुलेट" आणि दुसऱ्यावर "येझदी". ट्रंकेतून वही काढली आणि दोघे बघत बसलो.

पोराचा पहिला प्रश्न, "पण आबा, तेव्हा नवीन का नाही घेतली?"

आता हे त्याला कसे समजावे? आकुर्डीला बजाजचा कारखाना आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतका जवळ. पिआज्जिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून तिथे 'चेतक' निघू लागली. गेटमधून ट्रक भरून स्कूटर बाहेर पडताना रोज दिसायच्या, पण मिळायची मात्र नाही. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचे, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघायची. परकीय चलन भरणाऱ्याला लवकर मिळायची, पण आमचे परदेशात कोण? लग्न ठरले की स्कूटरचा नंबर लावायचा आणि मुलगा शाळेत जायला लागला की गाडी यायची, असा विनोद तेव्हा सांगत. हातात आलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी विकली तरी वर चार पैसे सुटत. म्हणजे जुनी गाडी घेणे हा तेव्हा शौक नव्हता, गरज होती.

त्यातून ताथवडे हे तेव्हा गावच. वळू माता प्रक्षेत्र, भोवती शेती, पावसाळ्यात चिखल. (महापालिकेत आम्ही आलो ते थेट २००९ मध्ये.) बायपास नव्हता. आई गावी, महाडकडच्या बाजूला बिरवाडीजवळ, एकटी. एसटीने जायचे तर पूर्ण दिवस मोडायचा. तिची तब्येत तेव्हापासूनच खाली-वर होत होती. दोघा भावांनी पैसे घालून एक गाडी घ्यायची आणि महिन्यातून एकदा वरंधा घाटाने गावी जायचे, असा बेत होता. स्कूटरची छोटी चाके त्या घाटात नकोत, हे आमचे आधीच ठरले होते. राजदूत बघितली होती, पण आमच्या भागात ती दुधाच्या किटल्यांना बांधलेली. दादा म्हणाला, "तिच्यावर बसलं की लोक लिटरचा भाव विचारतील."

राहिल्या दोन.

बुलेट मुळात विलायतेची. पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ती मागवली आणि १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. पुढे १९७० च्या सुमारास तिकडची मूळ कंपनी बंद पडली, पण इकडे गाडी निघतच राहिली. ३४६ सीसी, फोर स्ट्रोक, अंगाने जड. आम्ही पाहिलेली बुलेट लष्कराच्या लिलावातून आलेली होती, हिरव्या रंगावर काळा रंग फासलेला.

येझदीचे घराणे चेकोस्लोव्हाकियाचे. इराणी कुटुंबाने म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली, १९६१ पासून तिथे जावा बनू लागली. १९७३ पासून तीच गाडी 'येझदी' नावाने निघू लागली. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलेले. २५० सीसी, टू स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. आमच्या समोरची १९७४ ची होती.

वहीतला येझदीचा रकाना बराच लांब आहे. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, म्हणजे बिघडायला वस्तूच कमी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे कच्च्या रस्त्याची धूळ लागत नाही. किमतीत बुलेटपेक्षा हजार रुपयांनी कमी. तोट्यात लिहिले आहे: प्लग काळा होतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते, दिवा मिणमिणता. बुलेटच्या रकान्यात "भक्कम", "घाटात इंजिन धरून उतरते", "ऑइल गळते", "पार्ट महाग" एवढेच. मेकॅनिक दोन्हींना मिळत. आपल्या पट्ट्यात तेव्हा हेच खरे भाग्य होते. दिवसा कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस संध्याकाळी बुश काढून द्यायचा. राहिलेले नाना पेठेत, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात.

पण खरी अडचण वहीत नाही. ती दादाच्या उजव्या गुडघ्यात होती.

१९७६ मध्ये कामावर असताना त्याच्या गुडघ्यावर लोखंडी प्लेट पडली होती. चालायचा नीट, पण पायात जोर उरला नव्हता. बुलेटची किक उजव्या पायाने मारायची. तिचे एक तंत्र असते. डीकॉम्प्रेसरची खिट्टी ओढून किक हळू दाबायची, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मग सगळे वजन टाकायचे. चुकले तर किक उलटी येते. गिअरही उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. येझदीचे उलट, किक आणि गिअर दोन्ही डाव्या बाजूला आणि तेही एकाच दांडीवर. किक मारून झाली की तीच दांडी फिरवून गिअरसाठी वापरायची. उजव्या पायाला फक्त ब्रेक.

बुलेट बघायला गेलो तेव्हा दादाने किक मारली. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा उलटी बसली. तो तिथेच पायरीवर बसला, गुडघा धरून. मालक पाणी घेऊन आला. थोड्या वेळाने दादा हसून म्हणाला, "येझदीच बरी आपल्याला." त्या रात्री मी वहीत शेवटची ओळ लिहिली: "दादाला येझदी पसंत."

येझदी घेतली. गाडीने पुढे नऊ वर्षे इमाने सेवा दिली. पहाटे निघायचे, कात्रज, कापूरहोळ, भोर आणि मग वरंधा. पहिल्याच फेरीत तिने आम्हाला टू स्ट्रोक म्हणजे काय ते शिकवले. उतारावर दादाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला होता. या गाडीला ऑइल मिळते ते पेट्रोलबरोबर. पेट्रोल आत गेले नाही की ऑइलही नाही, आणि पिस्टन कोरडा पळतो. चौथ्या की पाचव्या वळणावर पिस्टन धरला आणि मागचे चाक एकदम जाम झाले. दादाने क्लच दाबला म्हणून वाचलो. कठड्यावर अर्धा तास बसून होतो, खाली शिवथरच्या बाजूचे रान. गाडी गार झाल्यावर चालू झाली, जणू काही घडलेच नाही. तेव्हापासून उतारावर अधूनमधून रेस द्यायची सवय लागली. आईला आमचा आवाज दोन वळणे आधी कळायचा, ती भात टाकायची.

आई १९८७ मध्ये गेली. पुढच्या वर्षी दादाच्या मुलीच्या लग्नात गाडी विकली, जवळजवळ घेतलेल्याच किमतीला.

त्यानंतरचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. १९८५ मध्ये हिरो होंडाची १०० सीसी गाडी आली, त्याच सुमारास बाकीचे जपानीही. अ‍ॅव्हरेजपुढे जड गाड्यांचे कोणाला काही वाटेनासे झाले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. बुलेटवालेही डबघाईला आले होते, पण आयशर कंपनीने तग धरला. २००९ मध्ये 'क्लासिक' बाजारात आली आणि वारे फिरले. मग लोक जुन्या बुलेटही शोधू लागले. जावाचे नाव २०१८ मध्ये आणि येझदीचे २०२२ मध्ये नव्याने आले. नाव तेच, गाडी संपूर्ण वेगळी, फोर स्ट्रोक. इकडे चाकणला आता केटीएम आणि ट्रायम्फसुद्धा बनतात. स्कूटरसाठी झुरणाऱ्या आमच्या पिढीला हे चमत्कारच वाटतात. असो.

तर नातवासाठी मी नवी उभी रेघ मारली आणि गंमत अशी झाली की कसोटी तीच लावली तरी उत्तर उलटे आले. आमची कसोटी होती, वाटेत बंद पडली तर दुरुस्त कोण करणार आणि पार्ट कुठून येणार? १९७९ मध्ये तिचे उत्तर येझदी होते. आज बुलेटचा कारखाना चालू आहे, पार्ट भरपूर मिळतात. येझदीचा कारखाना बंद होऊन पाव शतक उलटले. पार्ट मिळतात, नाही असे नाही, पण हौशी लोकांच्या साठ्यातून आणि त्यांच्या भावाने. अस्सल कुठला आणि नक्कल कुठली हे ओळखणारे म्हातारे मेकॅनिकही कमी होत चालले. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या कार्ब्युरेटरचे रबर लवकर खराब होते, पण ते दुःख दोन्ही गाड्यांना सारखे.

दुसरी गोष्ट कागदांची. त्याला निक्षून सांगितले, इंजिन नंतर, आधी आरसी बुक. पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का? पर्यावरण कर भरला आहे का? बुलेट १९८६ ची, म्हणजे १९८९ च्या आधीचा जुना तीन अक्षरी नंबर. त्याची नोंद आरटीओच्या संगणकात चढली आहे की हाताने लिहिलेल्या रजिस्टरात पडून आहे, हे आधी बघायचे. सातारहून आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला आकडा पुस्तकाशी ताडून बघायचा. ठोकून नवा घातलेला नंबर वेडावाकडा उमटतो. त्याला वाटत होते की व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. म्हटले, २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मग फिरणार कशावर?

थोडक्यात, मी बुलेटच्या बाजूने निकाल दिला. पोरगा मात्र जुन्या वहीत डोके घालून बसला होता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "आबा, आजोबांना तर येझदी पसंत होती. मग मी येझदीच घेतो ना. पार्टचं बघू काहीतरी."

मंडळी, तीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवला. लिहिलेले सगळेच खरे धरू नका, कोणी लिहिले आणि कधी लिहिले ते विचारा, असे वर्गात सांगत आलो. आणि इथे माझ्याच अक्षरातला खोटा पुरावा पोराच्या हातात.

दादाला येझदी पसंत नव्हती. त्याला बुलेट हवी होती, आयुष्यभर हवी होती. ओट्यावर बसला की रस्त्यावरची फायरिंग ऐकून सांगायचा, "ही जुनी. हिचा टॅपेट वाजतोय." त्या रात्री हजार रुपये वाचले म्हणून मला बरे वाटले होते आणि त्याचे हसणे मी सोयीने खरे मानले. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. तो २००७ मध्ये रिटायर झाला, फंडाचे पैसे आले. तोवर बटनावर चालू होणाऱ्या बुलेट निघाल्या होत्या, गुडघ्याचा प्रश्नच नव्हता. एकदा शोरूमपर्यंत जाऊन आला, माहितीपत्रक घेऊन आला. मी म्हटले, "आता या वयात कशाला, दादा?" त्याने ते घडी घालून खिशात ठेवले. पुन्हा विषय काढला नाही. २०१४ मध्ये तो गेला.

हे सगळे मी पोराला सांगितले. घरात आजवर कोणाला सांगितले नव्हते, त्यामुळे त्याच्या वडिलांना इथे वाचूनच कळेल. पोरगा काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "उजव्या पायाचा गिअर जमेल का हो मला?" म्हटले, जमतो, पहिले आठ दिवस ब्रेकऐवजी गिअर पडतो, तेवढे सांभाळायचे.

येत्या रविवारी सातारला जायचे ठरले आहे. मीही जाणार आहे. कोरा कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल पिशवीत घालून ठेवली आहे.