पावाचा पूर्वप्रवास



कोरियात पावाला ‘प्पांग’ म्हणतात. हा ‘प्पांग’ आणि आपला ‘पाव’ सख्खे भाऊबंद आहेत, असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडची समजूत सोडून द्यावी. दोघांचे मूळ पोर्तुगीज ‘पांउ’, आणि त्याचेही मूळ लॅटिन ‘पानिस’.

गोवे १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५४३ मध्ये त्यांची माणसे जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली, आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर जपानकडे निघाला तो गोव्याहूनच. या दळणवळणात शब्दही गेला व तिकडे ‘पान’ झाला. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलून दिले. शब्द मात्र राहिला!

पुढे जपानी भाषेतून तो कोरियन लोकांच्या तोंडी बसला. त्यांच्या भाषेत ‘प’ तीन प्रकारचा: एक मृदू, एक महाप्राण, एक गळा आवळून काढलेला. जपानी ‘प’ त्यांच्या कानांना या तिसऱ्यासारखा लागला. आणि जपानी शब्दाच्या शेवटचा ‘न’ घशाजवळून येत असल्याने त्याचा ‘ङ’ झाला.

आता खरा प्रश्न. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या टाचेखाली होता. अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार होत गेली. मग स्वातंत्र्य मिळताच जपानी शब्दांवर कुऱ्हाड चालली, यात नवल ते काय? डब्याचा ‘बेंतो’ गेला, देशी ‘दोशिराक’ आला. ‘प्पांग’ मात्र वाचला. तोही जपान्यांच्याच हातून आलेला असून!

माझ्या मते कारण साधे आहे. डबा कोरियन माणूस पूर्वीपासून बांधीत होता, त्याला घरचा शब्द होता. भट्टीतला पाव ही वस्तूच परकी. तिच्याबरोबर आलेले नाव काढून ठेवायचे काय? आपल्याकडेही सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुळले, पण पाव पावच राहिला. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा सांगणाऱ्यांनीही तो शब्द बाटगा मानला नाही.

एक गंमत राहिली. मूळ शब्दातला अनुनासिक आपण, गोव्याच्या इतक्या शेजारी राहून, गाळून टाकला. तो ऐकायचा तर सोलमधल्या पाववाल्याच्या दुकानात जावे लागेल.